दुसरा ब्रेक

ब्रेकमास्तरांचा डावा बूट वर्षानुवर्षं नवा दिसायचा आणि उजवा चार महिन्यांत फाटायचा. कोपऱ्यावरचा बूट शिवणारा दर वेळी तो उजवा बूट उलटा धरून बघायचा आणि विचारायचा, "मास्तर, डावा पाय घरी ठेवून हिंडता का हो?"

मास्तर काय सांगणार? एकतीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि स्वतः मास्तर. गाडीला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा, आतून पहिल्याशी जोडलेला, शेजारच्या सीटवरच्या मास्तरांच्या पायाखाली. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जायचा. मास्तरांच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, चार हजार माणसं शिकून बाहेर पडली होती आणि एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. ओरखडा यायला गाडी आधी वेगात जावी लागते, असं त्यांची बायको म्हणायची. पण तिला गाडीतलं काही कळत नाही, असं मास्तर म्हणायचे.

सवय अशी हाडीमाशी भिनली की गाडीतून उतरल्यावरही पाय कामावरच असायचा. न्हाव्याने कानाजवळ वस्तरा आणला की मास्तरांचा उजवा पाय खाली. टीव्हीवर कुणी पळत जिना उतरायला लागलं की पाय खाली. शेजाऱ्यांचं बाळ पहिलं पाऊल टाकत होतं, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मास्तर एका पायाने फरशी दाबत उभे होते. बाळ बसलं. शेजारीण अजूनही म्हणते की मास्तरांमुळे बसलं.

त्यांनी शिकवलेल्या चार हजारांत एक माणूस मात्र कमी होतं. त्यांची मुलगी.

ती अठरा वर्षांची झाली त्या आठवड्यात मास्तरांनी तिला मोठ्या हौसेने स्टिअरिंगवर बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनी त्रेचाळीस वेळा ब्रेक दाबला. आकडा मुलीने मोजलेला. चौथ्या दिवशी तिने चौकात गाडी उभी केली, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि पायी घरी गेली. "बाबा, गाडी मी थांबवली का तुम्ही, हेच मला कळत नाही," एवढंच म्हणाली. त्याला सोळा वर्षं झाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, दोन बस बदलून जाते, दोन बदलून येते. गाडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मास्तरांनीही काढला नाही, पण तिला बसथांब्यावर उभी बघितली की त्यांचा पाय उगाचच सैल पडायचा.

आणि मग या मुलीची मुलगी, भिंगरी.

भिंगरीचे वडील दूरच्या बंदरात कामाला, वर्षातून एकदा दिसायचे. आई सकाळीच दुकानात. म्हणून तीन वर्षांची असल्यापासून भिंगरी आजोबांच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा बांधून बसायची. पुढे कुणीतरी घामाघूम होऊन क्लच शोधत असायचं, आणि मागे ही दोन सीटांच्या फटीतून रस्ता बघत असायची. मास्तरांनी तिला एक खेळ शिकवला होता. पुढच्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले की सगळ्यांच्या आधी ओरडायचं, "लाल!" ती ओरडली की शिकणाऱ्याने ब्रेक दाबायचा. चार वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. कित्येकदा मास्तरांच्या आधी ओरडायची. "हिच्या डोळ्यांवर मी पगार घेतो," असं मास्तर सगळ्यांना सांगायचे.

शहराबाहेर, जुन्या गोदामांच्या मागे, कार्ट रेसिंगचा ट्रॅक होता. कार्ट म्हणजे चार चाकं, एक सीट आणि पाठीमागे एक संतापलेलं इंजिन. छप्पर नाही, दार नाही, गिअर नाही. वर्गातल्या कुणाच्या वाढदिवसाला भिंगरी तिथे गेली, सगळ्या पोरांबरोबर दोन चकरा मारून आली, आणि तिथल्या कोचबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं.

कोचबाई पन्नाशीच्या, आवाज इंजिनावर मात करून करून फाटलेला. म्हणाल्या, "सगळी पोरं पुढच्याच्या चाकाकडे बघतात. ही वळणाच्या पलीकडे बघते. कुठे शिकली?"

"मागच्या सीटवर," मास्तर म्हणाले.

कोचबाई दर वर्षी आठ वर्षांखालची चार मुलं निवडायच्या. कार्ट, हेल्मेट, सूट, सगळं क्लबचं. चाचणी दीड महिन्याने, रविवारी सकाळी. तीन फेऱ्या, तिन्ही मिळून दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आत. भिंगरी दोन महिन्यांनी आठची होणार होती. त्यानंतर स्वतःची कार्ट, स्वतःचा मेकॅनिक आणि कार्ट वाहून आणायला स्वतःची व्हॅन. मास्तरांकडे गाडी एकच, आणि तिच्यात भर होती ती फक्त एका जादा ब्रेकची. म्हणजे जे काय ते याच वर्षी.

मास्तरांनी कार्टभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "शेजारची सीट कुठेय?"

"नसते," कोचबाई म्हणाल्या.

मास्तरांचा उजवा पाय खाली गेला. पण घरी पोचताच ते बायकोला म्हणाले, "अगं, त्यात शेजारची सीटच नसते. कुणी शेजारी बसूच शकत नाही." हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की बायकोने शिलाई मशीनवरून मान वर केली. मुलगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी क्लबच्या फॉर्मवर पालकाची सही झालेली होती.

तयारीला सगळं घर लागलं. क्लबचा सूट भिंगरीला दोन वर्षांनी बसला असता. बायकोने त्याला हातापायांवर आठ टिपा घालून तो आजच बसवला. "नंतर उसवता येतात," ती म्हणाली, "वाढत्या अंगाची आहे." पेडलपर्यंत पाय पुरत नव्हते, म्हणून मास्तरांनी लाकडाचे दोन ठोकळे कापून पेडलवर बसवले. कोचबाईंनी ते बघितले आणि कमरेवर हात ठेवले.

"मास्तर, ब्रेकचा ठोकळा दुप्पट जाड आहे."

"सवय हो."

"घासा."

घासला. मग पहिल्या सरावाला भिंगरी ट्रॅकवर उतरली आणि प्रत्येक वळणाआधी तिने बाहेर हात काढून वळण्याची खूण केली. मागून एक पोरगा आला तर त्याला हात हलवून "जा, जा" केलं. मग दुसऱ्याला. मग एका रडतरडत चालवणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही.

"पाहुणे आलेत का?" कोचबाई कुंपणावरून ओरडल्या. "सगळ्यांना पुढे कसली घालतेस?"

"आजोबा म्हणतात, घाई असलेल्याला जाऊ द्यावं!" भिंगरी हेल्मेटमधून ओरडली.

आजोबा त्या वेळी बुटाची नाडी बांधत होते. दोन्ही नाड्या बांधलेल्याच होत्या.

हातवारे दोन रविवारांत गेले. रस्ता देणंही सुटलं. पण वेळ काही खाली येईना. एका फेरीला एकसष्ट सेकंद, चांगली गेली तर साठ. हवे होते पंचावन्न. लांब सरळ पट्टा संपतो तिथे, पार्किंगच्या कुंपणाजवळ, एक मोठं वळण होतं. त्या वळणावर ब्रेक लागत नाही, क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की कार्ट स्वतःहून वळते. भिंगरी तिथे दर वेळी ब्रेक मारायची. कोचबाईंनी समजावलं, चिडून सांगितलं, खडूने रस्त्यावर बाण काढले. भिंगरी मान डोलवायची, आणि तिथे आली की ब्रेक.

चौथ्या रविवारी कोचबाईंनी भिंगरीकडे बघायचं सोडून मास्तरांकडे बघितलं. मास्तर त्याच वळणावर कुंपणाला धरून उभे होते, आणि कार्ट जवळ आली की त्यांचा उजवा गुडघा खाली जात होता.

"मास्तर, जरा चहा पिऊन या."

"आत्ता? ती ट्रॅकवर आहे!"

"म्हणूनच."

मास्तर टपरीवर गेले, चहा सांगितला आणि प्यायलाच विसरले. परत आले तेव्हा कोचबाईंनी घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं. चोपन्न पूर्णांक आठ.

मास्तर एवढ्या जोरात ओरडले की बाजूचे दोन बाप दचकले. "चोपन्न! अहो, चोपन्न! कसं काय जमलं?"

"तुम्ही नव्हता," कोचबाई म्हणाल्या. "ती तुमचा गुडघा बघते. गुडघा वाकला की ब्रेक. चार वर्षं मागच्या सीटवरून दुसरं काय दिसलं असेल तिला?"

मास्तरांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू हळूहळू निघून गेलं. पाठ वळवून टपरीवाल्याकडे जाऊन त्यांनी न प्यायलेल्या चहाचे पैसे दिले.

घरी त्यांनी ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचा प्रयत्न केला. बायको पोटभर हसली. मुलगी हसली नाही. "बरं झालं, कुणीतरी सांगितलं," म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

चाचणीच्या आदल्या दिवशी बायकोने साधं सरळ उत्तर काढलं. "अहो, तुम्ही घरी थांबा ना. लेकीला जाऊ दे घेऊन."

"गाडी कोण चालवणार?" मास्तर म्हणाले.

रविवारी पहिली बस नऊला होती, चाचणी आठला. मुलीने खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे एकदा बघितलं. "बाबाच चालवतील," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर गाडीत बसून राहतील. उतरायचं नाही, बघायचं नाही. ठीक आहे ना, बाबा?"

"अगदी मान्य," मास्तर म्हणाले. "डोळे मिटून बसतो. हवं तर तोंडावर रुमाल टाकतो."

"तोंडाचा प्रश्न नाहीये," बायको म्हणाली. "पायावर टाका."

रविवारी आभाळ काळवंडलेलं होतं, दिवे लावावेत असा उजेड. मास्तरांनी गाडी पार्किंगमध्ये नेली आणि एकतीस वर्षं चार हजार लोकांना शिकवलं त्याप्रमाणे उलटी लावली. तोंड फाटकाकडे, पाठ ट्रॅककडे. आज तर ते सोयीचंच होतं, ट्रॅक दिसणारच नव्हता. कोचबाईंनी लांबून बघून अंगठा दाखवला.

"आजोबा, तुम्ही येत नाही?"

"मी इथे कामात आहे. तू जा."

सांभाळून, हळू, सावकाश, असे सगळे शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर रांगेत उभे राहिले. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. नातीला निरोप देताना "सावकाश" न म्हणणं ही त्यांच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात अवघड गोष्ट होती, आणि ती त्यांना जमली. त्यावर ते इतके खूश झाले की पुढचंही जमेल असं त्यांना वाटलं.

मुलगी आणि भिंगरी हात धरून गेल्या. सुटातली भिंगरी मागून घडी घातलेल्या गादीसारखी दिसत होती. मास्तर ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले, फिरून पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. रिकाम्या गाडीतसुद्धा त्यांची जागा तीच. मग आठवण झाली तशी त्यांनी बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. बासष्टाव्या वर्षी, त्या एवढ्याशा सीटवर. गुडघा दाराला टोचत होता, पण पाय जमिनीपासून सुरक्षित अंतरावर होते.

आधी दुसऱ्या मुलांच्या फेऱ्या झाल्या. मग एक इंजिन सुरू झालं, आणि मास्तरांना ते ओळखू आलं. भिंगरीच्या कार्टचा आवाज किंचित घोगरा होता.

पहिली फेरी. आवाज सरळ पट्ट्यावर चढत चढत आला, पाठीमागे वळणावर क्षणभर खाली बसला आणि लगेच उचलला. ब्रेक नाही. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पंचावन्न. सुरुवात थांबलेल्या गाडीने, म्हणजे ठीकच.

दुसरी फेरी. पुन्हा तसंच, उलट आणखी सफाईने. चोपन्न. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून ठेवली होती. म्हणजे आता शेवटची छप्पन्नमध्ये आली तरी पुरे. छप्पन्न! पोरगी झोपेतही काढेल. त्यांनी रिकाम्या ड्रायव्हर सीटकडे बघून मान डोलावली, जणू तिथे बसलेल्या कुणाला तरी सांगत होते, बघितलंस?

तिसऱ्या फेरीला आवाज आला तो वेगळा होता. चढला, आणखी चढला, मास्तरांनी आजवर तिच्याकडून ऐकला नव्हता इतका चढला, आणि खाली बसायची जागा आली तरी बसेना. मागून तो थेट गाडीच्या काचेवर आला. मांडी कधी सुटली ते मास्तरांना कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचा मोज्यातला पाय ब्रेकवर होता आणि ब्रेक पार तळाला टेकलेला होता.

पाठीमागे टायर किंचाळले. इंजिन एकदम पडलं. मग गुरगुरत, अडखळत पुन्हा उचललं आणि लांब गेलं.

मास्तरांनी श्वास सोडला. हुश्श! पोर शहाणी. फार जोरात आली होती, वेळेत सांभाळलंन. पायाची लाज वाटून त्यांनी तो पुन्हा वर घेतला. आजूबाजूला बघितलं तर कुणी नव्हतं.

दहा मिनिटांनी ते बूट घालून, परवानगी मिळाली असं स्वतःच ठरवून, ट्रॅककडे गेले. कोचबाई कागदावर आकडे लिहीत होत्या. मुलगी हातात हेल्मेट घेऊन उभी होती. दोन मिनिटं सेहेचाळीस पूर्णांक तीन.

"शेवटच्या फेरीत काय झालं?" कोचबाई भिंगरीसमोर उकिडव्या बसून विचारत होत्या. रागावून नाही. "दोनदा इतकं छान काढलंस ते वळण."

"लाल दिसलं," भिंगरी म्हणाली.

"काय दिसलं?"

"लाल!" तिने कुंपणाकडे बोट दाखवलं. कुंपणापलीकडे, बरोबर त्या वळणासमोर, मास्तरांच्या गाडीची पाठ होती. तिचे मागचे दिवे मास्तर दर शनिवारी पुसायचे. "आजोबांनी लाल केलं. म्हणून मी ब्रेक मारला. लगेच मारला ना, आजोबा? तुमच्याबरोबरच मारला ना?"

तिचा चेहरा घामाने लाल झाला होता आणि ती शाबासकीची वाट बघत होती.

"लगेच," मास्तर म्हणाले. "एकदम बरोबर."

मुलीने हेल्मेटची काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

मास्तर कोचबाईंच्या मागे मागे त्यांच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत गेले. "बाई, चूक माझी. शंभर टक्के माझी. तिला अजून एक फेरी द्या. मी जातो फाटकाबाहेर, मैलभर लांब जातो, तुम्ही म्हणाल तिथे जातो."

"बाहेर पाच आई-बाप उभे आहेत, मास्तर. प्रत्येकाला एक फेरी हवी आहे."

"पण हिने चूक केलीच नाही हो. समोर ब्रेकचा दिवा लागला, तर काय करायचं माणसाने?"

"ब्रेक मारायचा. रस्त्यावर असती तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते."

"मग?"

"मग तिची जागा रस्त्यावर," कोचबाई म्हणाल्या. आवाज होता तितका मऊ केला त्यांनी. "मी पोरांना ब्रेक मारायला शिकवू शकते. हिच्यातला ब्रेक काढायला मला दोन वर्षं लागतील, आणि तिच्याकडे दोन आठवडे आहेत." मग कागद फायलीत घालत म्हणाल्या, "सूट पुढच्या रविवारपर्यंत आणून द्या. टिपा उसवून. दुसऱ्या मुलीला लागेल."

परतीला मास्तर गाडी चालवत होते. भिंगरी मागच्या सीटवर, सुटासकट, कारण तो काढायला तिने नकार दिला होता. मुलगी पुढे, मास्तरांच्या शेजारी. मास्तरांनी तीन वेळा तोंड उघडलं. एकदा म्हणाले, "आभाळ आलं होतं म्हणून दिवा एवढा दिसला." एकदा म्हणाले, "गाडी सरळ लावली असती तर." तिसऱ्यांदा नुसतंच उघडून मिटलं.

"बाबा, रस्त्याकडे बघा," मुलगी म्हणाली.

"आजोबा," मागून आवाज आला, "पुढच्या वेळी मी अजून जोरात जाणार आहे. पण तुम्ही तिथेच थांबा हं. म्हणजे मला कळेल."

"हं," मास्तर म्हणाले. पुढची वेळ नाही, हे तिला कोण सांगणार, यावर पुढच्या सीटवर दोघांचं न बोलता भांडण झालं. ते कुणीच जिंकलं नाही.

चौकाजवळ पुढे एक ट्रक चालला होता. मास्तरांचं लक्ष नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नव्हतं.

"लाल!" भिंगरी ओरडली.

मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली.

"बघितलंत?" भिंगरी मागे खुदखुदत होती. "मी नसते तर काय झालं असतं तुमचं?"

मास्तरांनी शेजारी बघितलं. मुलीच्या बाजूचा दुसरा ब्रेक, त्यावर कुणाचाही पाय नसताना, तळाला जाऊन टेकला होता. तिने दोन्ही पाय सीटखाली, जितके मागे जातील तितके मागे ओढून घेतले होते. ट्रक हलला. मास्तरांनी पाय उचलला, तसा तिच्या पुढ्यातला ब्रेकही आपला आपण वर आला. ती मात्र पाय पुढे न घेता घर येईपर्यंत तशीच बसून राहिली.